मुलांच्या सगळ्या भाषांना कलेच्या खोलीत येऊ द्या

प्रति,
महाराष्ट्रातल्या आंतरराष्ट्रीय शाळांचे मुख्याध्यापक, विश्वस्त आणि कलाविभागांचे प्रमुख यांस,



२०२० साली महाराष्ट्राने कायदा केला. राज्यातल्या प्रत्येक शाळेत, ती कोणत्याही मंडळाशी जोडलेली असो, पहिली ते दहावी मराठी शिकवलीच पाहिजे. पहिली आणि सहावीपासून सुरुवात करून दर वर्षी पुढची इयत्ता घ्यायची. न शिकवणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंड. तुमच्या वेळापत्रकांत मराठीचा तास पक्का झाला तो त्यामुळे. मी त्या कायद्याच्या बाजूची आहे. तरीही हे पत्र मराठीच्या तासाबद्दल नाही. ते त्याच इमारतीतल्या वेगळ्या खोल्यांबद्दल आहे: जिथे मुलं चित्रं काढतात, माती मळतात, नाटक बसवतात, गातात. या खोल्या तुम्ही मनापासून उभ्या केल्या आहेत. कुंभारकामाची भट्टी, छपाईचं यंत्र, काळ्या पडद्यांची नाट्यशाळा, नीट सुरात लावलेला पियानो. राज्यातल्या बहुसंख्य मुलांना यातलं काहीच मिळत नाही. आणि इतक्या प्रेमाने बांधलेल्या या खोल्यांत मुलांच्या घरच्या भाषांना मात्र जागा नाही. तिथे काम इंग्रजीत सुरू होतं, इंग्रजीत चालतं आणि इंग्रजीत संपतं.

मी मुलांबरोबर नाटकं करते. जिल्हा परिषदेच्या शाळांत करते, आणि तुमच्यासारख्या शाळांतही बोलावणं आलं की जाते. तुमच्या एकेका वर्गात घरी गुजराती, सिंधी, तमिळ, मारवाडी, कोकणी, मराठी, कोरियन, जर्मन बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसतात. तालमीत एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. संहितेतलं वाक्य म्हणताना मूल ताठ उभं असतं, हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नाही. तालीम थांबते, दोघांचं वेशभूषेवरून भांडण लागतं, आणि तेच मूल हिंदी-गुजराती-मराठीच्या मिश्रणात असं काही बोलायला लागतं की खांदे, भुवया, बोटं सगळं त्यात उतरतं. नाटक तिथे असतं. आपण टाळी वाजवून त्याला परत संहितेच्या जागेवर उभं करतो.

इंग्रजीचं वैर मनात धरून मी हे लिहीत नाही. इंग्रजी ही तुमच्या शाळेत सर्वांना जोडणारी भाषा आहे आणि ती तशी असायलाच हवी. कोरियाहून आलेली मुलगी आणि ठाण्याचा मुलगा एकमेकांशी तिच्यातूनच बोलणार. माझा आक्षेप एवढाच आहे की कलेचा कच्चा माल ज्या भाषांत साठलेला असतो त्या भाषा दाराबाहेर चपलांसारख्या काढून ठेवायला आपण मुलांना शिकवतो.

तुमच्यातले बरेच जण आयबीच्या, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या, शाळा चालवतात. १९६८ साली जिनिव्हात ही संस्था सुरू झाली तेव्हा मागे अनुभव होता तो तिथल्या आंतरराष्ट्रीय शाळेचा. राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९२४ मध्ये काढलेली ती शाळा. अनेक भाषांची मुलं एकत्र कशी शिकतील, हा प्रश्न त्या शाळेला पहिल्या दिवसापासून होता. आयबीच्या विचारात प्रत्येक शिक्षक हा भाषेचाही शिक्षक मानला जातो, आणि प्रत्येक शाळेला आपलं भाषाधोरण लेखी ठेवावं लागतं. मी पाहिलेली भाषाधोरणं नीट लिहिलेली होती. त्यांत ग्रंथालय होतं, भाषाविषय होते, नव्याने आलेल्या मुलांना इंग्रजीची मदत होती. कलाविभागाचा उल्लेख मला सापडला नाही.

अभ्यासक्रम आड येतो, असं मला बरेचदा सांगितलं जातं. ते खरं नाही. आयबीच्या मधल्या टप्प्याच्या अभ्यासक्रमात कला हा आठ विषयगटांपैकी एक आहे आणि दर गटाला वर्षाला किमान ५० तास द्यावे लागतात. या वयात बाहेरच्या परीक्षकाला पाठवायचं ओझं जवळजवळ नसतं. शेवटच्या दोन वर्षांच्या डिप्लोमाला ते येतं, आणि तिथेही बारकाईने पाहावं. दृश्यकलेची मुलं दोन वर्षं जी वही ठेवतात, त्यात रेखाटनं, टिपणं, रंगांचे प्रयोग, फसलेले बेत असतात. ती वही थेट तपासली जात नाही. तिच्यातलं निवडलेलं, मांडलेलं काम परीक्षकाकडे जातं. परीक्षकासाठीचा मजकूर इंग्रजीत हवा, हे रास्त आहे. पण वही कोणत्या भाषेत विचार करते, हे ठरवण्याचा अधिकार आपण मुलाकडून का काढून घ्यावा?

काढून घेतल्यावर काय होतं ते प्रदर्शनाच्या दिवशी भिंतीवर दिसतं. चित्रं एकमेकांपासून कितीतरी वेगळी असतात आणि त्यांच्या खाली लावलेली निवेदनं सारखी. प्रत्येक जण आपली ओळख शोधत असतो, प्रत्येक जण स्मृतीचा वेध घेत असतो. हे शब्द मुलांनी गुणांच्या तक्त्यातून उचललेले असतात. एका मुलीने आजीच्या घराच्या ओसरीचं मोठं तैलचित्र केलं होतं. निवेदन वाचून मला काही कळलं नाही. मग तिला मराठीत विचारलं, तर ती अर्धा तास बोलली: ओसरीवर कोण कुठे बसायचं, कोणाला आत यायची मुभा नव्हती, दुपारी तिथे ऊन कुठवर यायचं, आणि चित्रातला कोपरा तिने मुद्दाम काळा का ठेवला. तो काळा कोपराच त्या चित्राचा विषय होता. तिच्या वहीत त्याबद्दल एक ओळ नव्हती, कारण ते सगळं तिच्याकडे मराठीत होतं आणि वही इंग्रजीत लिहायची असते असं ती गृहीत धरून चालली होती.

वेल्समध्ये केन विल्यम्स या शिक्षणतज्ज्ञाने गेल्या शतकाच्या अखेरीला एक रीत मांडली: एका भाषेत वाचायचं किंवा ऐकायचं आणि दुसरीत लिहायचं, म्हणजे विषय खरोखर समजल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. आज जगभर बहुभाषिक वर्गांत तिची चर्चा होते आणि तुमच्या प्रशिक्षणांतही ती येते. मराठीत वही लिहून मग इंग्रजी निवेदन करणारं मूल नेमकं हेच करतं. त्यात वेळ वाया जात नाही. त्याला आपलंच म्हणणं दोनदा तपासावं लागतं.

आता मला तुम्हाला तंजावरला न्यायचं आहे, कारण बहुभाषिक कलाशिक्षण म्हटलं की आपण डोळे लावून जिनिव्हाकडे बघतो आणि आपल्याच घरातला मोठा दाखला विसरतो. शिवाजी महाराजांचे पुतणे, व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे १६८४ साली तंजावरच्या गादीवर आले. राज्य मराठ्यांचं, प्रजा तमिळ, दरबाराच्या संगीताची आणि काव्याची भाषा तेलुगू, पंडितांची संस्कृत. या राजाने स्वतः मराठी आणि तेलुगू नाटकं लिहिली. आणि त्याने ‘पंचभाषाविलास’ लिहिलं. त्यात वेगवेगळ्या प्रदेशांच्या राजकन्या येतात आणि तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी अशा आपापल्या भाषेत बोलतात. पाचवी भाषा संस्कृत. कुणीही दुसरीची भाषा शिकून आलेली नाही आणि तरीही नाटक पुढे सरकतं, कारण नाट्य, गाणं आणि अभिनय यांनी मिळून अर्थ पोचवायचा असतो. विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ सांगलीत झालं १८४३ साली. त्याच्याही जवळपास दीड शतक आधी मराठी राजाच्या दरबारात पाच भाषांचं नाटक लिहिलं गेलं होतं. प्रेक्षकांतल्या प्रत्येकाला सगळं कळत नसणार. प्रत्येकाला आपली भाषा रंगमंचावर ऐकू येत होती, आणि शेजाऱ्याची भाषाही सुरात, तालात ऐकू येत होती. तुमच्या शाळेचा वार्षिक नाट्यप्रयोग असा का असू नये?

हा एकटा दाखला नाही. एकनाथांनी हिंदू आणि तुर्क यांचा संवाद रचला तो मराठी आणि दखनी हिंदी अशा दोन भाषांत. सिंधुदुर्गातल्या दशावतारात देव आणि राजे भारदस्त मराठीत बोलतात आणि संकासुर मालवणीत त्यांची खोडी काढतो. त्या नाटकाला लिखित संहिता नसते. नट कथा ठरवतात, पेटाऱ्यातून वेश काढतात, आपला रंग आपणच लावतात आणि संवाद त्या रात्री रंगमंचावर तयार करतात. डिप्लोमाच्या नाट्यविषयात मुलांना जगातली एखादी नाट्यपरंपरा निवडून, तिच्यातली एखादी रीत अभ्यासून स्वतःच्या शरीराने करून दाखवावी लागते. मुंबईची मुलं जपानचा नो किंवा इटलीचं मुखवट्यांचं नाट्य निवडतात आणि चित्रफिती बघून तयारी करतात. नो थोर आहे, त्याचा अभ्यास जरूर व्हावा. पण जिथे मुलाला नटाशेजारी बसून रंग लावताना पाहता येईल, त्याला प्रश्न विचारता येतील, अशी परंपरा एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर आहे. शिवाय ती उत्स्फूर्त संवादाची आहे. नाटकाच्या शिक्षकाला याहून मोठं घबाड कुठे मिळणार?

वारली चित्रांबद्दलही मला कळकळीने बोलायचं आहे, कारण तुमच्या शाळांच्या भिंतींवर ती सगळ्यात जास्त दिसतात. दोन त्रिकोण जोडले की माणूस, गोल फिरणारी माणसं म्हणजे नाच. एका तासात पिशवीवर रंगवून मुलं घरी नेतात. लग्नाच्या वेळी वारली घरात भिंतीवर चौक लिहिला जातो, तो सवाशिणी लिहितात, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्याने, आणि त्यात पालघाट देवी बसते. लग्न लावणारी धवलेरी गाते, देवांना गाण्यातून बोलावते. गाण्याशिवाय तो चौक पुरा होत नाही. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही चित्रं कागदावर आली आणि डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचं नाव जगभर गेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कागदाने या चित्रकारांना नाव आणि उत्पन्न दिलं, ते चांगलंच झालं. पण शाळेत शिकवताना आपण चित्रातून गाणं आणि बोली दोन्ही काढून टाकतो आणि उरलेल्या आकारांना वारली म्हणतो. दहा वर्षांच्या मुलाला त्या गाण्याचा अर्थ आधी कळणार नाही. ते त्याने ऐकावं, गुणगुणावं, विचारावं, आणि मग ब्रश उचलावा.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. चित्रांच्या संचाला तिथे पोथी म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, एकेक पान पुढे धरत वाद्यांच्या साथीने कथा गायची. त्याच घरांत कळसूत्री बाहुल्या आहेत आणि दिव्यासमोर नाचणाऱ्या चामड्याच्या बाहुल्याही. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ साली पद्मश्री देण्यात आली. चित्र, कथन, संगीत आणि बाहुलीनाट्य अशा चार गोष्टी तुम्ही चार वेगळ्या शिक्षकांकडे दिल्या आहेत. त्या इथे एकाच घरात, एकाच माणसाच्या हातात आणि तोंडात आहेत. आंतरविद्याशाखीय शिक्षण हा शब्द तुमच्या प्रत्येक माहितीपत्रकात असतो. त्याचा इतका जिवंत नमुना महाराष्ट्रात असताना तो एखाद्या सप्ताहात दोन तासांसाठी बोलावला जातो, मुलांबरोबर छायाचित्र निघतं, शाल-श्रीफळ होतं, आणि कलाकार संध्याकाळच्या गाडीने परत.

इथे मुद्दा मानधनाचा आणि पदाचा आहे, आणि तो मी स्पष्ट मांडते. परदेशी विद्यापीठाची पदवी असलेल्या कलाशिक्षकाला तुम्ही घर, विमा आणि विमानाची तिकिटं देता. पिंगुळीच्या किंवा गंजाडच्या कलाकाराला पाहुणा म्हणून एका दिवसाची बिदागी देता. त्याच्याकडे बी.एड. नाही, इंग्रजी नाही, ही कारणं सांगितली जातात. त्याच्या शेजारी तुमचा प्रशिक्षित शिक्षक उभा राहू शकतो, आणि मुलं मराठीतून इंग्रजीत एकमेकांना समजावून सांगू शकतात. किंबहुना त्यासाठीच तो कलाकार हवा. वर्गातल्या मराठी मुलाला, जे एरवी आपली भाषा कॅन्टीनच्या आणि बसच्या काका-मावशींसाठी राखून ठेवतं, तिथे पहिल्यांदा सर्वांपेक्षा जास्त कळत असतं. ही गोष्ट त्या मुलाला आयुष्यभर पुरते, असं मी पाहिलं आहे.

मराठीच्या शिक्षकांबद्दल तर वेगळं पत्र लिहावं लागेल. कायद्याने त्यांना नोकरी दिली, मान दिला नाही. इतर भाषाशिक्षकांकडे आकर्षक पुस्तकं आणि प्रशिक्षणाची शिबिरं. मराठीच्या बाईंकडे प्रश्नपत्रिका आणि वर्गातली कंटाळलेली मुलं. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आला की त्यांना दोन गाणी आणि एक भाषण बसवायला सांगतात. त्याच बाईंना नाटकाच्या खोलीत न्या. त्यांच्याकडे भारूड आहे, पोवाडा आहे, बालनाट्याची मोठी परंपरा आहे. पुण्यात डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स रंगभूमीचं काम मराठीत आणलं आणि १९८६ साली ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ रंगमंचावर आलं. जर्मन मुलांसाठी लिहिलेलं नाटक, मोठ्या नटांनी लहान मुलं साकारलेली, आणि पुण्याची मुलं आपलंच नाटक म्हणून बघत होती. त्याआधी विजया मेहता आणि जर्मन दिग्दर्शक फ्रित्झ बेनेविट्झ यांनी ब्रेख्तचं नाटक चिं. त्र्यं. खानोलकरांच्या मराठीत, तमाशाच्या ढंगात उभं केलं होतं: ‘अजब न्याय वर्तुळाचा’. ‘घाशीराम कोतवाल’ युरोपात गेलं ते मराठीतच गेलं. आंतरराष्ट्रीय होण्यासाठी मराठी नाटकाला कधी मराठी सोडावी लागली नाही.

तुमच्यातले काही जण विचारतील, आणि मला हा प्रश्न विचारला गेलाही आहे, की वडिलांच्या नोकरीमुळे दोन वर्षांसाठी पुण्यात आलेल्या कोरियन मुलीने मराठी भारूड का करावं? तिने कोरियन गाणंही करावं, हे माझं पहिलं उत्तर. पंचभाषेच्या नाटकात सहावी भाषा सहज बसते. आणि भारूडही करावं, कारण सूर आणि ताल हे व्याकरणाआधी कळतात. तबला शिकणारं मूल आधी बोल तोंडाने म्हणतं, त्यांचा अर्थ विचारत नाही, आणि तरीही ते काहीतरी नेमकं शिकत असतं. मराठीच्या तासाला मागे बसून खिडकीबाहेर बघणारी परदेशी मुलं तालमीत पूर्ण रुबाबात मराठी वाक्यं फेकताना मी पाहिली आहेत. त्यांना ती भाषा बोलण्यासाठी कारण मिळालेलं असतं.

दुसरा प्रश्न परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशाचा. कलाविद्यालयांत निवड करणारी माणसं हजारो सारखी निवेदनं वाचत असतात. ज्या मुलाकडे सांगण्यासारखं काही स्वतःचं आहे, त्याचं इंग्रजी थोडं खडबडीत असलं तरी ते वाचलं जातं. पालकांना हे तुम्ही सांगायला हवं. तुम्ही सांगितलं तर ते ऐकतील.

युरोपीय कोळसा आणि पोलाद समुदायाच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९५३ मध्ये लक्झेंबर्गला पहिली युरोपीय शाळा निघाली. तिथे मुलं आपापल्या भाषेच्या विभागात शिकतात. माध्यमिक वर्गांत चित्रकला, संगीत आणि खेळ या तासांना मात्र वेगवेगळ्या विभागांची मुलं एकत्र बसवली जातात. एवढ्या काटेकोर भाषिक रचनेतही मुलांना एकमेकांत मिसळण्याची जागा म्हणून कलेचा तास निवडला गेला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तुमच्याकडे तर विभागही नाहीत. मुलं आधीच एकत्र आहेत. त्यांच्या भाषा तेवढ्या एकत्र आणायच्या राहिल्या आहेत.

माझी मागणी मोठी नाही. कलेची वही मुलांना हव्या त्या भाषेत, हव्या तितक्या भाषांत लिहू द्या आणि तसं तुमच्या भाषाधोरणात कलाविभागाच्या नावाने लिहून ठेवा. शिक्षकाला ती भाषा येत नसेल तर मुलाला आपलं पान वाचून दाखवू द्या. वाचून दाखवताना ते आपोआप समजावून सांगेल. वर्षातून एक नाटक अनेक भाषांचं करा, आणि त्यासाठी पडद्यावर भाषांतराच्या ओळी दाखवू नका, अभिनयाला आपलं काम करू द्या. महाराष्ट्रातल्या एका लोककलावंताला एका दिवसासाठी बोलावण्याऐवजी सहा-आठ आठवड्यांसाठी बोलावा, राहायची नीट सोय करा, आणि तुमच्या शिक्षकाला त्या काळात जो पगार मिळतो तोच त्यालाही द्या. यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही, नवा अभ्यासक्रमही लागत नाही.

पुढच्या वर्षाचं वेळापत्रक आणि अंदाजपत्रक ठरवायला तुम्ही बसाल, तेव्हा मराठीच्या आणि नाटकाच्या शिक्षकांना एकत्र आत बोलवा, आणि आठवड्यातले कोणते दोन तास ते मिळून घेऊ शकतात एवढं त्यांना विचारा.

आपली,
मुलांबरोबर नाटक करणारी एक रंगकर्मी